मॉनिटर किती इंची घ्यावा? आधी टेबल मोजा

"मॉनिटर घ्यायचाय, किती इंची घेऊ?" असं कोणी विचारलं की बहुतेक जण एक आकडा सांगून मोकळे होतात. सध्या तो आकडा २७ आहे. काही वर्षांपूर्वी २४ होता, त्याआधी १९. विचारणाऱ्याचं टेबल किती खोल आहे, दिवसभर तो त्यावर काय बघणार आहे, त्याला चाळिशी लागली आहे का, याची चौकशी कोणी करत नाही. मॉनिटर डोळ्यांना आणि मानेला मानवणार की नाही हे मात्र याच तीन गोष्टींवर ठरतं, आणि खोक्यावरच्या इंचांना या तिन्हींचा पत्ता नसतो.

तो इंचांचा आकडा म्हणजे स्क्रीनचा कर्ण, एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंतचं अंतर. कर्णावरून लांबी-रुंदी कळत नाही, हे भूमितीच्या तासाला सगळ्यांनीच शिकलेलं असतं. जुन्या ऑफिसांमधले १९ इंची चौकोनी मॉनिटर आठवून बघा. त्यांची स्क्रीन ३० सेंमी उंच होती. आजच्या रुंद २४ इंची मॉनिटरची उंचीही जेमतेम ३० सेंमीच भरते. वाढलेले सगळे इंच आडवे गेले. तो जुना १९ इंची बिघडला म्हणून कोणी हौसेनं नवा १९.५ इंची रुंद मॉनिटर आणला, तर त्याची उंची भरते साधारण २४ सेंमी. अर्धा इंच जास्त मोजून सहा सेंमी गमावले. पत्रं, ठराव, निकालपत्रं अशी उभी कागदपत्रं वाचणाऱ्याला हे पहिल्याच दिवशी खुपतं.

म्हणून इंच बाजूला ठेवा आणि सेंटिमीटरमध्ये विचार करा. नेहमीच्या रुंद आकारात २४ इंची स्क्रीन साधारण ५३ सेंमी रुंद आणि ३० सेंमी उंच असते. २७ इंची ६० बाय ३४, आणि ३२ इंची ७१ बाय ४०. ते लांबलचक ३४ इंची अल्ट्रावाइड ८० सेंमी रुंद असतात, पण उंचीला २७ इंचीएवढेच. ऑनलाइन विक्रीच्या पानावर '६०.४५ सेंमी' असं काही दिसलं तर गोंधळू नका. तो २३.८ इंची, ज्याला बाजारात सगळे २४ इंचीच म्हणतात.

टेबल आणि अंतर

डोळ्यांपासून स्क्रीनपर्यंत किती अंतर असावं? ५० सेंमी ते १ मीटर ही सर्वसाधारण मान्य मर्यादा. बहुतेकांना ६० ते ७५ सेंमी सोयीचं पडतं. खुर्चीला पाठ टेकवून हात सरळ पुढे केला आणि बोटांची टोकं स्क्रीनला टेकली, की समजा अंतर ठीक आहे.

यापेक्षा जवळ का नको, याचं कारण सरळ आहे. जवळचं बघताना डोळ्यातलं भिंग फुगवावं लागतं आणि दोन्ही बुबुळं नाकाकडे वळवून धरावी लागतात. ही दोन्ही कामं स्नायूंची. पाच मिनिटं केली तर काही वाटत नाही, आठ तास केली की संध्याकाळी कपाळ दुखतं. लॅपटॉपवरून मॉनिटरवर आलेल्या माणसाला जो आराम वाटतो, तो मुख्यतः याच कारणानं. १५.६ इंची लॅपटॉप ५० सेंमीवरून डोळ्यांसमोर जेवढा पसरलेला दिसतो, जवळजवळ तेवढाच २४ इंची मॉनिटर ७५ सेंमीवरून दिसतो. चित्र तेवढंच, पण डोळ्यांचे कष्ट कमी. मोठ्या मॉनिटरचा खरा फायदा तो लांब ठेवता येण्यात आहे. आणि नेमकं तेच आपल्याकडच्या घरांत जमत नाही.

कारण टेबल. 'कॉम्प्युटर टेबल' म्हणून जे मिळतं ते बरेचदा दीड ते दोन फूट खोल असतं. मॉनिटर भिंतीला चिकटवून ठेवला तरी स्टँडच्या पायामुळे स्क्रीन भिंतीपासून १५ ते २० सेंमी पुढे येते. दीड फुटाचं टेबल म्हणजे ४५ सेंमी. त्यातून १८ वजा करा, राहिले २७. तुमचा चेहरा टेबलाच्या कडेपासून वीसेक सेंमी मागे धरला तर एकूण अंतर भरलं ४७ सेंमी. अशा टेबलावर ६० सेंमी रुंदीचा २७ इंची मॉनिटर ठेवला की पहिल्या रांगेत बसून नाटक बघितल्यासारखं होतं: एका कडेचं बघताना दुसऱ्या कडेला काय चाललंय ते कळत नाही.

मान न वळवता डोळे डावी-उजवीकडे साधारण १५ अंशांपर्यंत सुखानं फिरतात. त्यापलीकडे गेलं की नकळत मान साथ देते. ६० सेंमीवरून हा आरामाचा पट्टा होतो ३२ सेंमी रुंदीचा, ७५ सेंमीवरून ४० सेंमीचा. म्हणजे २४ इंचीवरसुद्धा दोन्ही कडांचा काही भाग या पट्ट्याबाहेरच राहतो. त्यात बिघडत काही नाही. कडेला मेलची खिडकी, चॅट, फोल्डर असलं क्वचित बघायचं काही ठेवलं तर उलट सोयच होते. बिघडतं ते माणूस ३२ इंची स्क्रीनवर ब्राउझर या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून वाचतो तेव्हा. प्रत्येक ओळीला मान डावीकडून उजवीकडे, पुन्हा डावीकडे. मोठा मॉनिटर घेतलात तर खिडकी पूर्ण पसरवायची सवय सोडावी लागते. मुख्य काम मधोमध, बाकी सारं बाजूला. ही सवय ज्यांना लागत नाही, आणि अनेकांना ती कधीच लागत नाही, त्यांच्यासाठी २४ इंचीच बरा.

उंचीचं गणित लोक याहून जास्त चुकवतात. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली असावी, म्हणजे नजर आपोआप थोडी खाली झुकते. बसलेल्या मध्यम उंचीच्या माणसाचे डोळे टेबलाच्या पृष्ठभागापासून साधारण ४५ सेंमी वर असतात. २७ इंची मॉनिटरची ३४ सेंमी उंची आणि खालची स्टँडची दहाएक सेंमी मोकळी जागा धरली तर बेरीज ४४ होते. अगदी मापात. ३२ इंचीला तीच बेरीज ५० होते. मग वरच्या मेनूकडे बघायला दर वेळी हनुवटी उचलावी लागते. शिवाय वर बघताना पापण्या जास्त उघडतात, डोळ्यांचा जास्त भाग हवेला उघडा राहतो आणि तो लवकर कोरडा पडतो. स्क्रीनकडे बघताना आपण आधीच पापण्या कमी लववतो, त्यात ही भर. डायनिंग टेबलाची खुर्ची वापरत असाल, किंवा तुमची उंची पाच फुटांच्या आसपास असेल, तर हे ४५ सेंमीदेखील तुमच्या वाट्याला येणार नाहीत. स्वतःचं मोजा. पट्टी घेऊन दुसऱ्या कोणाला तरी शेजारी उभं करा, दोन मिनिटांचं काम आहे.

दुकानात हे का कळत नाही? कारण मुंबईतला लॅमिंग्टन रोडचा कॉम्प्युटर बाजार असो की गावातलं एखादं दुकान, तिथे आपण उभे असतो, मॉनिटर फळीवर मांडलेले असतात आणि मध्ये काउंटर असतो. दीड मीटरवरून ३२ इंची अंगावर येत नाही, उलट त्याच्या शेजारचा २४ बिचारा केविलवाणा दिसतो. वर दुकानदार म्हणतोच, "साहेब, चोवीस आता कोण घेतं?" त्यापेक्षा घरीच रद्दी काढा. २७ इंचीसाठी ६० बाय ३४ सेंमीचा कागद कापा, टेबलामागच्या भिंतीवर नव्हे तर स्क्रीन जिथे येईल तिथे, एखाद्या खोक्यावर चिकटवून उभा करा, आणि त्याच्यासमोर नेहमीच्या खुर्चीत दहा मिनिटं बसा. मोठ्या आकाराच्या दैनिकाचं एक पान आडवं धरलं तर ते जवळपास २४ इंचीएवढं होतं, त्यामुळे तो कागद कापायचीही गरज नाही.

अक्षरं मोठी की बारीक?

घरातल्या ज्येष्ठांसाठी मॉनिटर घेताना एक ठरलेला तर्क असतो: स्क्रीन मोठी, म्हणजे अक्षरं मोठी. हे नेहमी खरं नसतं. स्क्रीन ठिपक्यांची, म्हणजे पिक्सेलची बनलेली असते आणि कॉम्प्युटर अक्षर मिलिमीटरमध्ये नाही, पिक्सेलमध्ये काढतो. अक्षर किती मोठं दिसणार हे त्या एका ठिपक्याच्या आकारावर अवलंबून.

२४ इंची फुल एचडी मॉनिटरमध्ये, म्हणजे १९२० बाय १०८० पिक्सेलच्या, एक ठिपका ०.२८ मिमी असतो. २७ इंची क्यूएचडीमध्ये पिक्सेल २५६० बाय १४४०, त्यामुळे ठिपका ०.२३ मिमी. म्हणजे २४ सोडून २७ क्यूएचडी घेतला तर स्क्रीन मोठी झाली, पण काहीही सेटिंग न बदलता अक्षरं सुमारे १६ टक्के लहान झाली! बाबांसाठी मुद्दाम महागडा मॉनिटर आणावा आणि बाबांनी "आधीचाच बरा होता" म्हणावं, यामागचं कारण बहुधा हेच असतं. याउलट २७ इंची फुल एचडीमध्ये ठिपका ०.३१ मिमी. इथे अक्षरं खरोखर मोठी दिसतात, पण खडबडीत.

खडबडीत म्हणजे किती? निकोप नजरेचा माणूस साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा बारकावा ओळखू शकतो. ६० सेंमीवरून हा बारकावा म्हणजे ०.१७ मिमी. ठिपका याहून मोठा असेल तर तिरप्या आणि गोल रेघांच्या पायऱ्या दिसू लागतात. या कसोटीवर २७ क्यूएचडी थोडा कमी पडतो, २४ फुल एचडी त्याहून जास्त आणि २७ फुल एचडी सर्वांत जास्त. २७ इंची फोरकेचा, म्हणजे ३८४० बाय २१६० पिक्सेलवाल्याचा, ठिपका ०.१६ मिमी, तो उत्तीर्ण. ३२ इंची फोरकेचा ०.१८, तो अगदी काठावर.

इंग्रजी वाचताना ही तफावत खपून जाते. मराठी वाचताना खपत नाही, आणि मॉनिटर निवडण्याचे बहुतेक सल्ले इंग्रजी वाचणाऱ्यांसाठी लिहिलेले असल्यामुळे हे कोणी सांगत नाही. 'पार्किंग' हा साधा शब्द घ्या. त्यातल्या 'र्किं'मध्ये शिरोरेषेच्या वर वेलांटी आहे, रफार आहे आणि अनुस्वारही आहे. नेहमीच्या १६ पिक्सेलच्या अक्षरात शिरोरेषेच्या वरच्या या सगळ्या गर्दीला साधारण चार-पाच पिक्सेल उंची मिळते. तेवढ्यात तिन्ही खुणा काढायच्या म्हणजे एकमेकींना चिकटणारच. खाली 'कर्तृत्व'मधला ऋकार, मध्ये 'द्ध', 'ष्ठ', 'ह्य' अशी जोडाक्षरं. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य यांच्यातला फरक एका छोट्याशा गाठीचा किंवा रेघेतल्या फटीचा असतो, आणि 'रु' ऱ्हस्व की दीर्घ हे शेपटीच्या वळणावर ठरतं. जाड ठिपक्यांच्या स्क्रीनवर ही फट बुजते. मग वाचणारा संदर्भावरून शब्द ओळखतो, ज्यात डोळे नाही तर मेंदू दमतो, आणि मुद्रितशोधनाचं काम असेल तर चूक डोळ्यांसमोरून निसटून जाते. त्यातून एकाच फॉन्ट आकारात देवनागरी रोमनपेक्षा बारीक दिसते ती वेगळीच. वरच्या-खालच्या मात्रांना जागा ठेवायची तर मूळ अक्षर लहानच काढावं लागतं.

माझं मत विचाराल तर रोज तासन्‌तास मराठी वाचणाऱ्या-लिहिणाऱ्याने इंचांवर पैसे टाकण्याआधी पिक्सेलवर टाकावेत. अनुवादक, डीटीपी करणारे, शिक्षक, वकिलांच्या ऑफिसातले टंकलेखक, सगळ्यांना हे लागू. २७ इंची फुल एचडी तेवढा मी कोणालाच सुचवत नाही. दुकानात तो सर्वांत जास्त गळ्यात मारला जातो, कारण २७ हा आकडा मोठा आणि किंमत २४च्या जवळपास.

'स्केल' नावाचं बटण

मग बारीक ठिपक्यांच्या स्क्रीनवर अक्षरं मुंगीएवढी दिसणार नाहीत का? दिसतील, म्हणूनच विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये 'स्केल' असतं. १२५ टक्के, १५० टक्के असं वाढवत नेलं की अक्षरं, बटणं, मेनू सगळंच मोठं होतं. २७ इंची फोरके १५० टक्क्यांवर ठेवला तर स्क्रीनवर मावणारा मजकूर २७ क्यूएचडीएवढाच राहतो, अक्षराचा आकारही तेवढाच. फक्त तेच अक्षर सव्वादोनपट ठिपक्यांनी कोरलेलं असतं. 'पार्किंग'वरचा अनुस्वार वेलांटीपासून सुटा दिसतो. हे स्केलिंग माहीत नसल्यामुळे कित्येक जण "फोरकेवर वाचता येत नाही" म्हणून रिझोल्यूशनच खाली आणतात. तसं कधीही करू नका, सगळं पुसट होतं. आकार वाढवायचा तो स्केलमधून.

काही जुनी सॉफ्टवेअर मात्र स्केल वाढवलं की अस्पष्ट दिसतात. ऑफिसात अशा जुन्या प्रणालीवरच काम असेल तर २४ फुल एचडी किंवा २७ क्यूएचडी १०० टक्क्यांवर वापरणं शहाणपणाचं. मॅक असेल तर २७ इंची क्यूएचडी किंवा थेट फाइव्हके (५१२० बाय २८८० पिक्सेल) सोयीचे पडतात, कारण मॅकवर या दोहोंमधल्या मापांना अक्षरं थोडी पुसट दिसतात.

अक्षर किती मोठं असावं याला एक सोपं माप आहे: डोळ्यांपासूनच्या अंतराचा दीडशेवा भाग. ६० सेंमीवर बसत असाल तर ४ मिमी, ७५ सेंमीवर ५ मिमी. शाळेची पट्टी स्क्रीनवर धरा आणि शिरोरेषेपासून 'क'च्या तळापर्यंत मोजा. बहुतेकांचा 'क' ३ मिमीच्या आसपास निघतो. म्हणजे नवा मॉनिटर आणायच्या आधी आहे त्याचं स्केल वाढवून बघायला हरकत नाही. कदाचित खरेदीच टळेल.

चाळिशी लागलेल्यांची गोष्ट थोडी निराळी. वाचायचा साधा चष्मा साधारण ४० सेंमीसाठी दिलेला असतो, म्हणजे हातातल्या पुस्तकासाठी. स्क्रीन ६५ सेंमीवर. म्हणून माणूस चष्मा लावला की पुढे झुकतो आणि काढला की मागे सरकतो. प्रोग्रेसिव्ह काचेत, म्हणजे लांबचा आणि जवळचा नंबर एकत्र असलेल्या काचेत, जवळचा नंबर खालच्या भागात असतो, त्यामुळे स्क्रीन स्पष्ट दिसावी म्हणून दिवसभर हनुवटी वर करून बसावं लागतं आणि दुखतं मात्र मानेला. अशांनी मॉनिटर इतरांपेक्षा खाली ठेवावा, आणि उंच स्क्रीनच्या वाटेला फारसं जाऊ नये. त्याहून चांगला उपाय म्हणजे स्क्रीनचं अंतर टेपनं मोजून ते डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगणं आणि त्या अंतराचा वेगळा चष्मा करून घेणं. हा खर्च नव्या मॉनिटरपेक्षा बहुधा कमीच असतो.

उरलेलं थोडक्यात. ३२ इंची 'एचडी रेडी' टीव्ही मॉनिटर म्हणून लावायचा मोह अनेकांना होतो. त्यात पिक्सेल साधारण १३६६ बाय ७६८, म्हणजे एकेक ठिपका अर्ध्या मिलिमीटरहून मोठा. मुलांना लांबून व्हिडिओ बघायला ठीक, वाचायला नाही. शिवाय अनेक टीव्ही रंगांचा तपशील अर्धवट दाखवतात, त्यामुळे काळी अक्षरं बरी दिसतात आणि लाल अक्षरांच्या कडा विरघळतात. वक्र स्क्रीन ३४ इंची अल्ट्रावाइडला उपयोगी, कारण टोकं डोळ्यांच्या जवळ वळतात. २४ इंचीला ती निव्वळ शोभा. दोन मॉनिटर लावणार असाल तर त्यांची फट नाकासमोर ठेवू नका, मुख्य मॉनिटर सरळ समोर ठेवा आणि दुसरा बाजूला तिरका.

दीड फुटाच्या टेबलाला २४ इंचीच्या वर जाऊ नये. दोन फुटांच्या टेबलाला २७ क्यूएचडी चालतो, आणि मराठीचं काम असेल व खिसा परवानगी देत असेल तर २७ फोरके. ३२ इंचीला टेबल अडीच फूट हवं, नाहीतर भिंतीला किंवा टेबलाच्या कडेला बसवायचा मॉनिटर आर्म हवा. आर्म लावला की स्टँडचा पाया जातो आणि १०-१५ सेंमी अंतर परत मिळतं. दीड फुटाच्या टेबलाला तर तो मोठ्या स्क्रीनपेक्षा जास्त गरजेचा. तो लावायचा तर मॉनिटरच्या पाठीवर ७५ किंवा १०० मिमी चौकोनात चार भोकं आहेत का बघून घ्या. स्वस्त मॉनिटरमध्ये कधीकधी नसतात.

घरी आणल्यावर पहिल्या दिवशीच तीन गोष्टी तपासा. खोलीतल्या उजेडाच्या मानाने ब्राइटनेस बराच जास्त ठेवलेला असतो, तो उतरवा: स्क्रीनवरचं पांढरं पान शेजारी धरलेल्या पांढऱ्या कागदाएवढंच उजळ दिसलं पाहिजे. फोरके असेल तर सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट, म्हणजे सेकंदाला चित्र किती वेळा नव्यानं काढलं जातं तो आकडा, ६० हर्ट्झ आहे ना ते बघा. जुन्या लॅपटॉपच्या एचडीएमआय १.४ पोर्टमधून फोरके फक्त ३० हर्ट्झवर चालतो आणि माउस अडखळत सरकल्यासारखा वाटतो. दोष मॉनिटरचा नसतो. आणि एक पूर्ण पांढरं, एक पूर्ण काळं चित्र उघडून मेलेले पिक्सेल शोधा. एखाद-दुसरा निघाला तर कंपनी बदलून देईलच असं नाही, पण परत करायची मुदत चालू असते. ती संपेपर्यंत खोकं आणि थर्मोकोल माळ्यावर ठेवा, भंगारवाल्याला देऊ नका.